‘कोरा कॅनव्हास’ आणि एका पानाचं निवेदन

चित्रकारानं आपल्या कामाविषयी निवेदन कसं लिहावं, नमुना कुठे मिळेल, असं विद्यार्थी आम्हाला नेहमी विचारतात. नमुने ढिगानं आहेत. अडचण एवढीच की ते एकमेकांवरून उतरवलेले असतात. ‘माझं काम स्मृती, अवकाश आणि अस्मिता यांचा शोध घेतं.’ या वाक्याखाली कुणाचंही नाव घाला, चालून जातं!

हे पाप आम्हीही केलंय. एका मुलीला शिष्यवृत्तीच्या अर्जासाठी असंच गुळगुळीत पान लिहून दिलं. मुलाखतीत तिला विचारलं, ‘यात अवकाश नेमका कुठे आहे?’ ती गप्प. चित्रं तिची होती, वाक्यं आमची. शिष्यवृत्ती गेली.

म्हणून आज प्रभाकर बरव्यांचं ‘कोरा कॅनव्हास’ घेतलंय. १९९० सालचं हे पुस्तक. बरवे वर्षानुवर्षं वह्या लिहायचे, त्यांत रेखाटनं आणि टिपणं दोन्ही असायची. त्यांच्या चित्रांत पान, घड्याळ, फळ अशा साध्या वस्तू मोकळ्या जागेत सुट्या सुट्या दिसतात. एनॅमल रंगाचे सपाट, नेमके आकार. आता या घड्याळाचा अर्थ काय, हे शोधायला पुस्तक उघडलंत तर हात हलवत परत याल. आकार सुचतो कसा, कोऱ्या कॅनव्हाससमोर मनाचं काय होतं, यावर बरवे थांबतात. अर्थ ते बघणाऱ्यावर सोडतात. आमच्या मते निवेदनासाठी घ्यावं ते हे. त्यांची भाषा मात्र घेऊ नये. काही ठिकाणी ती चिंतनात इतकी वर चढते की चित्र खालीच राहतं, आणि विद्यार्थी नेमकी तीच पानं उतरवून काढतात.

गायतोंडे तर फारसं बोलतच नसत. पण आपल्या चित्रांना ‘अमूर्त’ म्हणणं त्यांना मान्य नव्हतं, ‘नॉन-ऑब्जेक्टिव्ह’ हा शब्द त्यांना हवा होता. एक शब्द नाकारून दुसरा निवडला, तेवढ्यानं बघणाऱ्याला दिशा मिळते.

त्या मुलीनं पुढच्या वर्षी स्वतः लिहिलं, आधी मराठीत. ‘मी आईच्या जुन्या साड्यांवर रंगवते. कापड रंग पितं, म्हणून एक थर दिला की दोन दिवस थांबते. कधीकधी तेवढ्यात चित्र बदलतं, मग मी माझा बेत सोडते.’ आम्ही त्यात एक अनुस्वार दुरुस्त केला. इंग्रजी तिचं तिनंच केलं.