एकच डास

हातकणंगले स्टेशनात कोल्हापूरच्या गाडीची वाट बघताना प्रेमेंद्र मित्र यांच्या घनादा-कथा उघडल्या. अम्लान दासगुप्त यांचा हा इंग्रजी अनुवाद पेंग्विननं २००४ मध्ये काढला. ‘मशा’, म्हणजे डासाची गोष्ट, संपली तेव्हा पंचगंगेचा पूल मागं पडला होता.

कलकत्त्याच्या बनमाली नस्कर लेनमधली ७२ नंबरची मेस. तिथं माडीवर घनश्याम दास राहतात, सगळ्यांचे घनादा. मेसमधल्या शिशिरकडून सिगारेट उसनी घेतात आणि आजवरच्या उसनवारीचा आकडा चोख सांगतात. १९४५ सालच्या या पहिल्या कथेत डासांचा विषय निघतो. घनादांचं म्हणणं, आपण आयुष्यात एकच डास मारला, १९३९ साली, साखालिन बेटावर.

इथं थांबून बघावं. हजार डास मारल्याची थाप कुणीही मारील. ‘एकच’ म्हटलं की कान टवकारतात. मग येतो निशिमारा हा जपानी कीटकशास्त्रज्ञ आणि डासाची लाळ जहाल विषारी करण्याचा त्याचा प्रयोग. साखालिन खरं, त्याचा दक्षिण भाग तेव्हा जपानकडे होता हे खरं, डासाच्या लाळेतून रोग पसरतो हेही खरं. एवढी पक्की जमीन पायाखाली घातल्यावर निशिमारा आणि घनादा तिच्यावर निर्धास्त चालतात. विज्ञानाचं शस्त्र होतं म्हणजे काय, हे १९४५ च्या वाचकाला समजावून सांगावं लागलं नसेल. म्हणूनच तो एकच डास मारणारी शेवटची चापट नुसती गंमत राहत नाही.

घनादांची थाप वाचताना आठवतात ते आमच्याच तालुक्यातल्या पट्टणकोडोलीचे कथाकार शंकर पाटील. त्यांचं कथाकथन ऐकणाऱ्याला चावडी, बांध, माणसं आधीच ठाऊक असायची. रंगत भरायची ती बोलीच्या ढंगात, नेमक्या जागी थांबण्यात. ते दुसऱ्या भाषेत नेणं फार अवघड. घनादा मात्र कुणी न पाहिलेल्या मुलखात नेतात, म्हणून त्यांची लोणकढी सालांवर आणि गावांच्या नावांवर उभी असते आणि भाषा बदलली तरी शाबूत राहते. इंग्रजीत पातळ होतो तो ‘दा’मधला, म्हणजे ‘दादा’तला जिव्हाळा. ज्यांच्या घरी एखादे अण्णा किंवा तात्या आहेत, त्यांना तो मिळेलच.

ही गोष्ट एकट्यानं वाचू नका. रात्री जेवणं झाल्यावर चौघांना बसवून मोठ्यानं वाचा, आणि ‘एकच डास’ म्हटल्यावर जरा थांबा.