काढ्यातली बेरीज

जानेवारीत गड्ड्याची यात्रा भरते त्या दिवसांत सोलापुरात थंडी, धूळ आणि सर्दी बरोबरच मुक्कामाला असतात. याच सुमारास एका शालेय विज्ञान प्रदर्शनात परीक्षक म्हणून गेलो असता 'काढ्याचे विज्ञान' हा प्रकल्प आमच्या पाहण्यात आला. ताटल्यांत तुळस, दालचिनी, सुंठ आणि मिरी मांडली होती. मागे तक्ता होता : तुळस – जंतुनाशक, दालचिनी – जंतुनाशक, सुंठ – सूज कमी करणारी, मिरी – इतर औषधांचे शोषण वाढवणारी. खाली मोठ्या अक्षरांत निष्कर्ष होता, 'या चारही वनस्पती एकत्र काम करून सर्दी बरी करतात.' शेजारच्या पेट्री बशीत तुळशीच्या अर्काभोवती जीवाणूंची वाढ थांबल्याचे स्वच्छ वर्तुळ दिसत होते.

मुलांची मेहनत निर्विवाद होती. पण निष्कर्षाचे ते वाक्य वरच्या चार ओळींतून निघत नाही. असे तक्ते आपल्या शाळांतून वारंवार दिसतात, म्हणून त्या एका वाक्याची चिकित्सा येथे करावयाची आहे.

प्रथम पेट्री बशी घेऊ. बशीत वाढवले होते ते जीवाणू. सर्दी होते ती विषाणूंमुळे, बहुतेक वेळा ऱ्हायनोव्हायरस गटातल्या. तेव्हा ते वर्तुळ कितीही सुबक असले तरी सर्दीबद्दल ते काहीच सांगत नाही. 'जंतुनाशक' या एकाच शब्दाखाली जीवाणू आणि विषाणू दोन्ही दडपले की अशी गफलत होते.

दुसरी गोष्ट, सर्दी सहसा सात ते दहा दिवसांत आपोआप बरी होते. काढा घेतला आणि आठव्या दिवशी बरे वाटले, यावरून काढ्याचा गुण सिद्ध होत नाही. त्यासाठी काढा न घेतलेला, पण बाकी सर्व बाबतींत सारखा असा तुलनागट हवा.

त्या गटाला द्यायचे काय? 2008 साली कार्डिफ विद्यापीठातील संशोधकांनी सर्दी झालेल्या 30 जणांवर एक साधा प्रयोग केला. एकच फळांचे पेय काहींना गरम, तर काहींना खोलीच्या तापमानाचे दिले. साध्या पेयाने नाक वाहणे, खोकला आणि शिंका यांत आराम वाटला. गरम पेयाने त्याखेरीज घशाची खवखव, थंडी वाजणे आणि थकवा यांतही लगेच आराम वाटला. मात्र यंत्राने मोजलेला नाकातील हवेचा प्रवाह दोन्ही गटांत सारखाच होता. म्हणजे काढ्यातल्या गुणाचा काही वाटा वनस्पतींचा नसून ऊन पाण्याचा असू शकतो. तो वजा केल्याशिवाय उरलेल्याचा हिशेब करता येत नाही.

आता 'एकत्र काम करतात' या शब्दांकडे वळू. तक्त्यात दिलेल्या चार वनस्पती 2020 साली आयुष मंत्रालयाने सुचवलेल्या काढ्यातल्याच आहेत : तुळस 4 भाग, दालचिनी 2, सुंठ 2 आणि मिरी 1. चारांपैकी प्रत्येक घटक असेल किंवा नसेल, असे धरले तर 2×2×2×2, म्हणजे 16 मिश्रणे होतात. त्यांतले एक म्हणजे नुसते गरम पाणी. चौघांची एकजूट दाखवायची तर त्यांतली निदान काही मिश्रणे एकमेकांशी ताडून पाहावी लागतील. चार गुणधर्म एकाखाली एक लिहिणे ही यादी झाली. ती बेरीजही नव्हे, मग गुणाकार कुठला!

येथे आणखी एक खाचखळगा आहे. समजा, एक ग्रॅम सुंठीने काहीच फरक पडत नाही, पण दोन ग्रॅमने पडतो. एकेक ग्रॅमच्या दोन पुड्या बांधून एकीवर 'क' आणि दुसरीवर 'ख' लिहिले, तर नुसत्या 'क'ने गुण नाही, नुसत्या 'ख'ने नाही, दोन्ही मिळून मात्र आहे! सुंठीला सुंठीचीच साथ मिळाली, असे म्हणायचे काय? म्हणून सहकार्य तपासताना एकूण मात्रा सारखी ठेवावी लागते. अर्धे हे आणि अर्धे ते, यांचा परिणाम दोघांच्या पूर्ण मात्रांहून वेगवेगळा जास्त आला, तरच खरे सहकार्य.

अशी चिकित्सा परंपरेला मानवत नाही, असा एक समज आहे. तो बरोबर नाही. चरकसंहितेच्या विमानस्थानात पहिल्याच अध्यायात म्हटले आहे, की काही मिश्रणांचा परिणाम घटकांच्या गुणांवरून ओळखता येतो, पण काहींचा येत नाही. तेथे संपूर्ण मिश्रणाचाच परिणाम पाहावा लागतो. आमच्या मते त्या तक्त्यावरचा सर्वांत नेमका आक्षेप हाच आहे, आणि तो चरकसंहितेतला आहे.

ज्या चीनमध्ये सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस 1938 साली वैद्यकीय पथकातून गेले, तेथेही हा विचार जुना आहे. तेथील वैद्यकात नुसख्यातील औषधांना राजा, मंत्री, सहायक आणि दूत अशी पदे देतात. सुमारे 1800 वर्षांपूर्वी झांग झोंगजिंग याने सांगितलेल्या सर्दीतापावरच्या एका काढ्यात मा-हुआंग ही वनस्पती राजा, दालचिनीच्या कोवळ्या डहाळ्या मंत्री, जर्दाळूच्या बियांचा गर सहायक आणि ज्येष्ठमध दूत आहे. यातील राजाचा पराक्रम पुढे उलगडला. 1885 साली जपानचे नागाई यांनी मा-हुआंगमधून इफेड्रिन वेगळे काढले. ते श्वासनलिका सैल करते, नाकातील सूज उतरवते, आणि रक्तदाबही वाढवते. पण दरबाराची रचना कितीही सुरेख असली तरी ती रचनाच आहे, पुरावा नव्हे. 2007 साली कॉक्रेनच्या अभ्यासकांनी सर्दीवरील चिनी वनौषधींच्या 17 चाचण्या तपासल्या. त्यांत 3,212 रुग्ण होते. काही औषधांनी लवकर बरे वाटल्याचे दिसले, परंतु चाचण्यांचा दर्जा इतका कच्चा होता की कोणत्याही औषधाची शिफारस त्यांना करता आली नाही.

मग सहकार्य ही कल्पनाच पोकळ आहे काय? मुळीच नाही. तक्त्यातील मिरीची ओळ तेवढी भक्कम पायावर उभी होती. 1998 साली बंगळूरच्या सेंट जॉन्स वैद्यकीय महाविद्यालयातील संशोधकांनी निरोगी माणसांना हळदीतील कर्क्युमिन 2 ग्रॅम दिले. रक्तात ते जेमतेम सापडले. त्याबरोबर मिरीतील पायपरिन 20 मिलिग्रॅम दिल्यावर कर्क्युमिनची उपलब्धता सुमारे वीसपट वाढली. कर्क्युमिन शरीराबाहेर टाकण्यासाठी यकृत आणि आतडे जी रासायनिक क्रिया करतात, तिला पायपरिन अटकाव करते. घटक वेगळा, मग दोन्ही मिळून, आणि प्रत्यक्ष मोजमाप : अशा पुराव्याला सहकार्य म्हणता येते. तरीही औषध रक्तात पोचणे म्हणजे गुण येणे नव्हे, ही पायरी वेगळी तपासावी लागते.

शिवाय पायपरिन आपले-परके ओळखत नाही. दम्यावरील थिओफिलिन आणि रक्तदाबावरील प्रोप्रानोलॉल यांचेही रक्तातील प्रमाण त्याने वाढल्याचे आढळले आहे. भाजीतल्या चिमूटभर मिरीने घाबरण्याचे कारण नाही. पण नेहमीची औषधे घेणाऱ्या आजीआजोबांना मिरी-पिंपळीची चूर्णे वा गोळ्या रोज देण्यापूर्वी डॉक्टरांना विचारावे. 'एकत्र काम करतात' हे खरे असेल, तर ते नको तेथेही खरे असणार.

शिक्षकमित्रांनी सर्दी झालेल्या मुलांवर काढ्याचे प्रयोग मात्र करू नयेत. त्याऐवजी चार बाटल्या घ्याव्यात. प्रत्येकीत सारखेच कोमट पाणी, साखर आणि यीस्ट घालावे. पहिली तशीच ठेवावी. दुसरीत एक चमचा दालचिनीची पूड, तिसरीत एक चमचा लवंगेची, चौथीत दोन्ही अर्धा-अर्धा चमचा घालावी. तोंडाला फुगे बांधून तासातासाने घेर मोजावा, आणि सारा प्रयोग तीनदा करावा. चौथा फुगा दुसऱ्या आणि तिसऱ्या या दोहोंपेक्षाही लहान राहिला, तरच सहकार्याची शंका घ्यावी. यातून सर्दीबद्दल काही कळणार नाही, हेही मुलांना सांगावे. कळेल ते एवढेच, की 'एकत्र काम करतात' हे म्हणण्यापूर्वी काय काय करावे लागते.

त्या प्रदर्शनात आम्ही नववीतल्या मुलीला विचारले, "बाळ, या तक्त्यात काय राहून गेले असे तुला वाटते?" ती थोडी थांबली आणि म्हणाली, "सर, नुसतं गरम पाणी पिऊन काय होतं, ते आम्ही बघितलंच नाही."

आम्ही गुण दिले ते या उत्तराला.