कलिंगडवाल्याची आरोळी आणि मालकीचा कागद

मागच्या बैठकीत एक दोस्त ताडकन बोलला, "हर्बी हॅनकॉकचं काय कौतुक सांगतोस? तो साला केव्हाच विकला गेला." पोरं हसली. मी गप्प बसलो. चहा संपला, बैठक उठली, पण तो शब्द काही डोक्यातून उठेना. विकला गेला.

मित्रांनो, हा शब्द काळ्या माणसाबद्दल वापरताना जरा जपून. अमेरिकेतल्या काळ्यांचे बापजादे खरोखरच विकले गेले होते. चौथऱ्यावर उभं करून, दात तपासून. त्यांची नातवंडं पुढे बाजारात उतरली तेव्हा "बाजारात का गेलास?" एवढंच विचारून भागत नाही. विकतो कोण? आणि विकला जाणारा माल कुणाच्या मालकीचा? या एकाच प्रश्नावर मी हॅनकॉकची कारकीर्द घासून पाहणार आहे. जिथे खरा उतरला तिथे खरा म्हणेन, जिथे खोटा तिथे खोटा. आरती ओवाळायची सवय आपल्याला नाही.

हा माणूस १२ एप्रिल १९४० ला शिकागोत जन्मला. अकराव्या वर्षी शिकागो सिम्फनी ऑर्केस्ट्राबरोबर त्याने मोझार्ट वाजवला. म्हणजे गोऱ्यांची विद्या त्याने पोरवयातच गिळली होती. ग्रिनेल कॉलेजात आधी इलेक्ट्रिकल इंजिनिअरिंग, मग संगीत. पुढे त्याने सिंथेसायझरची बटणं ज्या सराईतपणे फिरवली, त्याचं मूळ या इंजिनिअरिंगात आहे. यंत्राची भीती त्याला कधी वाटलीच नाही.

१९६२ साली ब्लू नोट कंपनीने त्याची पहिली तबकडी काढली, 'टेकिन ऑफ'. तीत 'वॉटरमेलन मॅन' आहे. लहानपणी शिकागोच्या गल्लीत कलिंगडवाला गाडी घेऊन यायचा. दगडी फरसबंदीवर चाकांचा खडखडाट, मागच्या सज्जांतून बायांच्या हाका. तो खडखडाट झाला ठेका, त्या हाका झाल्या चाल. सोळा मात्रांच्या नव्हे, सोळा आवर्तनांच्या ब्लूजच्या साच्यात त्याने अख्खी गल्ली बसवली.

आता खोच बघा. अमेरिकेत काळा माणूस आणि कलिंगड ही जोडी म्हणजे गोऱ्यांनी केलेली घाण थट्टा. चित्रांत, जाहिरातींत, तमाशांत काळ्याच्या हातात कलिंगडाची फोड देऊन त्याला दात विचकायला लावायचे. हे नाव द्यावं की नाही, हा विचार हॅनकॉकलाही पडला होता. शेवटी त्याने नाव ठेवलं. कारण कलिंगडवाला खरा होता, गल्ली खरी होती. गोरा हसतो म्हणून मी माझी गल्ली का टाकून देऊ? आपल्याकडे पहिल्या पिढीच्या लेखकांनी म्हारवाड्यातली भाषा जशीच्या तशी कागदावर उतरवली तेव्हा सदाशिवपेठी नाकं मुरडली गेलीच ना? जे शब्द आपल्याला शिवी म्हणून दिले ते उचलून आपण साहित्यात मांडले. हा तोच पवित्रा.

पण मला त्याहून मोठी वाटते ती दुसरी गोष्ट. ट्रंपेटवाला डोनाल्ड बर्ड हा वयाने वडील, त्याच धंद्यात पोळलेला काळा माणूस. त्याने या पोराला आधीच कानमंत्र देऊन ठेवला होता : कंपनी तुझ्या चालींचे प्रकाशनहक्क मागेल, देऊ नकोस. स्वतःची प्रकाशन कंपनी काढ. पोरगं तसं बोललं. कंपनीने नकार दिला. पोरगं उठून निघालं. तेव्हा कुठे कंपनी वाकली. बावीस वर्षांचं वय, पहिलीच तबकडी, आणि उठून निघण्याची छाती! पुढच्याच वर्षी, १९६३ मध्ये, मोंगो सांतामारियाने 'वॉटरमेलन मॅन' आपल्या ढंगात वाजवला आणि तो अमेरिकेच्या पहिल्या दहांत गेला. पैसा आला तो ज्याची चाल त्याच्या घरी.

इथे माझा मामा आठवतो. मामा गायनपार्टीत पेटी वाजवायचा, भीमगीतं रचायचा. एका कॅसेट कंपनीने त्याची आठ गाणी घेतली. हातावर रोख रक्कम टेकवली आणि कागदावर सही घेतली. कागद इंग्रजीत. दर चौदा एप्रिलला ती गाणी गल्लोगल्ली वाजायची. मामाला पुन्हा दमडी दिसली नाही, कव्हरवर नावही नाही. मामाला डोनाल्ड बर्ड भेटला नाही, एवढाच फरक. प्रतिभा दोघांकडेही होती.

आता दोस्ताचा आरोप. १९६३ ते ६८ हॅनकॉक माइल्स डेव्हिसच्या ताफ्यात होता. त्याच काळात त्याच्या स्वतःच्या 'एम्पिरियन आइल्स' (१९६४) आणि 'मेडन व्हॉयेज' (१९६५) या तबकड्या आल्या. ४ एप्रिल १९६८ ला मार्टिन ल्यूथर किंगचा खून झाला. १९६९ मध्ये हॅनकॉकने 'द प्रिझनर' ही तबकडी किंगच्या स्मृतीसाठी केली. मग त्याचा नवा ताफा. सगळ्यांनी स्वाहिली नावं घेतली. हॅनकॉकचं नाव म्वांदिशी, म्हणजे रचनाकार. गुलामांच्या मालकांनी दिलेली नावं झुगारून ठेवलेली ही नावं. नाव बदलण्यात काय असतं ते आपल्याला कुणी शिकवायला नको. १९७१ च्या 'म्वांदिशी' तबकडीतली पहिली रचना अँजेला डेव्हिससाठी आहे. ती बाई तेव्हा तुरुंगात होती, जामिनावर सुटली १९७२ च्या फेब्रुवारीत. पंधरा ठोक्यांचा लंगडता ठेका, तोच तो पुन्हा पुन्हा, कोठडीत येरझारा घालावा तसा. शब्द एकही नाही. तरी कुणाची बाजू घेतली ते कळतं.

या ताफ्याचं संगीत अवघड होतं, गर्दी जमत नव्हती. खर्च भागेना. तेव्हा तो भागवला कुणी? 'वॉटरमेलन मॅन'च्या रॉयल्टीने! हे नीट समजून घ्या. १९६२ साली हक्क राखले नसते तर अँजेलासाठी केलेलं संगीत इतकं टिकलं नसतं. कलिंगडवाल्याने बंडखोरांना पोसलं. "कलेत पैशाची भाषा नको" असं ज्यांची पोटं भरलेली आहेत ते म्हणतात.

१९७३ ला ताफा मोडला आणि त्याच साली 'हेड हंटर्स' आली. इथेच म्हणे तो विकला गेला. मी म्हणतो, तो गल्लीत परत आला. स्लाय स्टोन, जेम्स ब्राउन यांच्या तालावर काळी पोरं नाचत होती आणि जाझ मात्र वर अंतराळात तरंगत होतं. 'कमेलिअन'ची ती सुरुवातीची खर्जाची ओळ त्याने सिंथेसायझरवर स्वतः वाजवली. पंधरा मिनिटं ती रचना चालते, पण पाय थांबत नाहीत. तबकडी दहा लाखांच्या वर खपली. शुद्धतावादी बोंबलले. जाझमधले सोवळे-ओवळेवाले! गंमत म्हणजे पुढे ज्याला शुद्ध जाझचा कैवारी मानलं गेलं त्या विंटन मार्सालिसच्या पहिल्या तबकडीचा (१९८२) निर्माता हाच 'बाटलेला' हॅनकॉक.

मात्र १९७० नंतरच्या दशकाच्या शेवटी त्याने यंत्रातून गाळलेल्या आवाजात डिस्कोछाप गाणी केली, ती मला पोकळ वाटतात. तिथे तो गल्लीत नव्हता, दुकानात होता. हे दोस्ताला मी कबूल करतो.

आता १९८३. 'रॉकिट'. बिल लॅसवेल आणि मायकेल बाइनहॉर्न यांच्याबरोबर केलेली ही रचना. त्यात ग्रँडमिक्सर डी.एस.टी. तबकडी हाताने मागेपुढे घासून आवाज काढतो. रस्त्यावरच्या गरीब पोरांचं हे वाद्य जगभर पोचलं. पण चित्रफितीत काय? खोलीभर यंत्रमानव हातपाय झाडताहेत आणि हॅनकॉक दिसतो तो फक्त एका टीव्हीच्या पडद्यावर, क्षणभर. का? एमटीव्ही ही वाहिनी तेव्हा काळ्यांची तोंडं दाखवायला राजी नसायची. म्हणून त्याने स्वतःच ठरवलं, आपण कमीत कमी दिसायचं. चित्रफितीला १९८४ मध्ये एमटीव्हीची पाच बक्षिसं मिळाली.

हे कळलं तेव्हा मला बाबुराव बागुलांच्या १९६३ च्या संग्रहाचं नाव आठवलं, 'जेव्हा मी जात चोरली होती'. हॅनकॉकने रंग चोरला. खोली भाड्याने मिळावी म्हणून आडनाव बदलून सांगणारे आपल्यात कमी आहेत काय? त्यांना मी शिव्या देत नाही. पण त्यांनी जिंकलं असंही म्हणत नाही. दार उघडलं खरं, पण आत गेला तो चेहरा नसलेला माणूस. चित्रफितीच्या शेवटी तो टीव्हीही फोडून टाकतात. मला ते शेवटचं दृश्य फार बोचतं.

आणि आता सगळ्यात अवघड जागा. 'हेड हंटर्स'मध्ये 'वॉटरमेलन मॅन' पुन्हा आहे, नव्या रूपात. सुरुवातीला बिल समर्स बिअरच्या बाटलीत फुंकतो आणि मधेमधे गळ्यातून आवाज काढतो. ही तऱ्हा मध्य आफ्रिकेच्या रानातल्या बा-बेंझेले लोकांची. पपईच्या देठाची एकसुरी शिट्टी आणि मानवी आवाज यांची गुंफण. सिम्हा अरोम या संशोधकाने केलेल्या ध्वनिमुद्रणावरून ती उचलली. पुढे १९९४ मध्ये मॅडोनाच्या तबकडीत हॅनकॉकचा तो तुकडा आला. या प्रवासात रानातल्या माणसाला काय मिळालं? काही नाही. स्टीव्हन फेल्ड या अभ्यासकाने हे प्रकरण १९९६ मध्ये मांडलं. त्याने विचारलं तेव्हा हॅनकॉकचा सूर असा होता की हा बांधवांतला मामला आहे.

बांधव! मित्रांनो, हा शब्द आपणही सढळ हाताने वापरतो. ज्याने बावीसाव्या वर्षी गोऱ्या कंपनीसमोरून उठून जायची धमक दाखवली, त्यालाच आपल्याहून खालच्या माणसाची मालकी दिसली नाही. या प्रश्नावर तो नापास. डॉ. आंबेडकरांनी चढत्या-उतरत्या पायऱ्यांची विषमता सांगितली ती हीच. प्रत्येकाला वरचा पाय दिसतो, आपला पाय कुणाच्या डोक्यावर आहे ते दिसत नाही.

काही जण म्हणतील, तो १९७२ पासून बौद्ध आहे, आपलाच आहे. असू दे. त्याचा निचिरेन पंथ, आपली वाट १९५६ ची. बौद्ध आहे म्हणून माफी नाही, अमेरिकन आहे म्हणून वैर नाही. २००८ मध्ये त्याच्या 'रिव्हर' या तबकडीला वर्षातल्या सर्वोत्कृष्ट अल्बमचं ग्रॅमी मिळालं. २००९ मध्ये, किंगच्या १९५९ च्या भारतभेटीला पन्नास वर्षं झाली म्हणून तो किंगच्या मुलाबरोबर भारतात आला. मानसन्मान पुष्कळ. मी मोजतो ते वेगळं.

तर दोस्ता, तुझं उत्तर. हॅनकॉक विकला गेला नाही. त्याने विकलं, आणि आपल्या मालकीचं म्हणून विकलं. एवढ्यासाठी त्याच्याकडून शिकायचं. आपल्यातल्या प्रत्येक गाणाऱ्या-लिहिणाऱ्या पोराला सही करण्याआधी कागद वाचून दाखवणारा एक डोनाल्ड बर्ड हवा. ते काम आपण करू शकतो, त्याला जाझ यावं लागत नाही.

आणि बाटलीत फुंकलेला तो आवाज विसरायचा नाही. दोन वर्षांपूर्वी मी आमच्या वस्तीतल्या एका म्हातारीकडून बाबासाहेबांवरच्या ओव्या ऐकून उतरवून घेतल्या. छापल्या. खाली 'संकलन' म्हणून माझं नाव टाकलं. तिचं टाकलं नाही. सुचलंच नाही. मीही 'बांधव' म्हणत होतो. हा लेख लिहून झाला की तिच्याकडे जाणार आहे. तिचं पूर्ण नाव विचारायला. तेही मला माहीत नाही.