सोपा कर आणि न्याय्य कर

('द फेअरटॅक्स बुक'. लेखक : नील बूर्ट्झ व जॉन लिंडर. प्रकाशक : रीगन बुक्स, न्यूयॉर्क. सन २००५.)

कर देणें कोणास आवडत नाहीं, आणि कराविषयीं वाचणें तर त्याहूनहि नकोसें वाटतें. असें असतां केवळ करपद्धतीवर लिहिलेलें एक पुस्तक प्रसिद्ध होतांच अमेरिकेंतील सर्वाधिक खपाच्या पुस्तकांच्या यादींत अग्रस्थानीं जाऊन बसलें, ही गोष्ट विचार करण्याजोगी आहे. पुस्तकाचे कर्ते दोघे. पैकीं श्री. बूर्ट्झ हे जॉर्जिया संस्थानांतील अटलांटा शहरीं नभोवाणीवरून श्रोत्यांशीं वादविवाद करणारे लोकप्रिय वक्ते होते, श्री. लिंडर हे त्याच संस्थानांतून अमेरिकेच्या प्रतिनिधिसभेवर निवडून गेलेले सभासद होते. ज्या योजनेचें हें पुस्तक समर्थन करतें तिचें विधेयक श्री. लिंडर यांनीं १९९९ सालीं सभेपुढें मांडलें. पुढें तें वारंवार मांडलें गेलें. २००८ च्या अध्यक्षीय निवडणुकीच्या वेळीं श्री. माइक हकबी यांनीं त्याचा जोरानें पुरस्कार केला. आणि २०२३ सालीं तें प्रतिनिधिसभेंत पुन्हां दाखल झालें. त्याचा कायदा झाला नाहीं. परंतु त्यामागील कल्पना मात्र मरत नाहीं.

इतक्या दूरच्या देशांतील, आणि वीस वर्षांपूर्वींच्या, पुस्तकाचा परामर्श येथें कां घ्यावा, असें कोणी विचारील. प्राप्तिकर नाहींसा करून त्याच्या जागीं एकच सुटसुटीत कर बसवावा ही इच्छा महाराष्ट्रासहि अपरिचित नाहीं, हें त्याचें उत्तर. पुण्याच्या अर्थक्रांति प्रतिष्ठानानें असाच एक प्रस्ताव लोकांपुढें ठेवलेला आहे. आयातीवरील जकात वगळून बाकीचे सर्व कर रद्द करावे आणि बँकेंतील खात्यावर जमा होणाऱ्या प्रत्येक रकमेंतून अल्पसा अंश कापून घ्यावा, असा त्याचा आशय. साधन निराळें, पण आकांक्षा तीच. तेव्हां या आकांक्षेचें जें अत्यंत वाचनीय समर्थन इंग्रजींत झालें आहे तें पारखून पाहणें निरर्थक होणार नाहीं.

योजना थोडक्यांत अशी. व्यक्तींवरील व कंपन्यांवरील प्राप्तिकर, पगारांतून कापली जाणारी वृद्धवेतनाची व वैद्यकीय मदतीची वर्गणी, भांडवली नफ्यावरील कर, वारसाकर, बक्षीसकर हे सर्व एकदम रद्द करावयाचे. प्राप्तिकर वसूल करणारें खातेंहि मोडून टाकावयाचें. आणि या सर्वांच्या जागीं नव्या वस्तु व सेवा यांच्या किरकोळ विक्रीवर शेंकडा २३ असा एकच राष्ट्रीय कर बसवावयाचा. एकदां विकल्या गेलेल्या जुन्या वस्तूंवर कर नाहीं. धंद्यासाठीं केलेल्या खरेदीवर कर नाहीं. गरिबांस हा कर जाचूं नये म्हणून, सरकारनें ठरविलेल्या दारिद्र्याच्या मर्यादेइतक्या खर्चावर जेवढा कर पडेल तेवढी रक्कम प्रत्येक कुटुंबास, मग तें गरीब असो वा श्रीमंत, सरकारनें दरमहा आगाऊ पोंचती करावयाची.

पुस्तकाचे जे गुण आहेत ते मोकळ्या मनानें मान्य केले पाहिजेत. भाषा सरळ आहे, प्रकरणें आटोपशीर आहेत, आणि ज्या विषयाला सामान्य वाचक भितो त्यांत त्याला हात धरून नेण्याची हातोटी लेखकांस साधलेली आहे. प्राप्तिकराविरुद्ध त्यांनीं केलेली तक्रारहि पुष्कळ अंशीं खरी आहे. १९१३ सालीं घटनेच्या सोळाव्या दुरुस्तीनें हा कर अमेरिकेंत पक्का झाला तेव्हां तो मूठभर धनिकांपुरता होता. दुसऱ्या महायुद्धांत तो सामान्य मजुरापर्यंत येऊन पोंचला, आणि १९४३ सालापासून तो पगार हातीं पडण्यापूर्वींच कापला जाऊं लागला. जो पैसा हातांत आलाच नाहीं तो गेल्याचें दुःख होत नाहीं, आणि जेथें दुःख नाहीं तेथें सरकारला जाब विचारण्याची बुद्धिहि होत नाहीं, हें लेखकांचें म्हणणें आम्हांस पटतें. कायद्याचें जंगल इतकें दाट झालें आहे कीं त्यांतून वाट काढण्यास वाटाड्या लागतो, आणि चांगला वाटाड्या श्रीमंतासच परवडतो, हेंहि कोणी नाकारणार नाहीं.

परंतु रोगाचें वर्णन बिनचूक असलें म्हणजे औषधहि बिनचूक असतें असें नाहीं. प्रथम शेंकडा २३ हा आंकडाच पाहूं. दुकानांत एका वस्तूची करापूर्वींची किंमत १०० डॉलर आहे असें धरा. या योजनेप्रमाणें तिजवर ३० डॉलर कर पडतो, व गिऱ्हाइकास १३० डॉलर मोजावे लागतात. १३० पैकीं ३० म्हणजे शेंकडा २३. परंतु १०० वर ३० म्हणजे शेंकडा ३०! प्राप्तिकराचा दरहि एकूण रकमेवरच मोजतात, म्हणून तुलनेसाठीं आम्ही तसेंच मोजलें, असा यावर बचाव आहे, व तो अगदींच खोटा नाहीं. पण अमेरिकेंतील बहुतेक संस्थानांत विक्रीकर आहे, आणि तेथील गिऱ्हाईक जो दर रोज पावतीवर पाहतो तो मूळ किंमतीवरचा असतो. विक्रीकराचें नांव घ्यावयाचें आणि मोजमाप मात्र प्राप्तिकराचें वापरावयाचें, ही रीत सरळपणाचा दावा करणाऱ्या पुस्तकास शोभत नाहीं.

दुसरी चूक याहून मोठी आहे. लेखक म्हणतात कीं, आजच्या प्रत्येक वस्तूच्या किंमतींत सरासरीनें शेंकडा २२ इतके जुने कर दडलेले आहेत. ते निघून गेले म्हणजे किंमती तितक्या उतरतील, आणि नवा कर बसूनहि गिऱ्हाइकास पूर्वींइतकेच दाम पडतील. त्याच वेळीं ते मजुरास आश्वासन देतात कीं, तुझा पगार आतां न कापतां सगळाच्या सगळा तुझ्या हातीं येईल. हीं दोन्ही वचनें एकत्र कशीं टिकणार? एका मजुराचा पगार १०० आहे. त्यांतून २० कापून ८० त्याला मिळतात असें समजा. कर गेल्यावर मालकानें १०० दिले तर मजुराचें हित झालें, पण मालाचा खर्च त्या मानानें कांहीं उतरला नाहीं. मालकानें ८० दिले तर खर्च उतरला, पण मजुराच्या हातीं अधिक कांहीं आलें नाहीं. तेच वीस डॉलर मजुराच्या खिशांतहि जातील आणि वस्तूच्या किंमतींतूनहि कमी होतील, हें गणितांत बसत नाहीं. पुस्तकाच्या मोहकपणाचा मोठा भाग या एकाच रकमेच्या दोनदां केलेल्या वांटणीवर उभा आहे.

दराचा अंदाजहि वादग्रस्त आहे. पुस्तक निघालें त्याच वर्षीं अध्यक्ष बुश यांनीं नेमलेल्या करसुधारणा समितीनें अशा राष्ट्रीय विक्रीकराचा विचार केला व त्याची शिफारस करण्याचें नाकारलें. पगारावरील वर्गण्या तशाच ठेवून केवळ प्राप्तिकराची भरपाई करावयाची म्हटली, आणि करचुकवेगिरी बेताचीच होईल असें धरलें, तरीहि मूळ किंमतीवर शेंकडा ३४ इतका दर लागेल असा हिशेब समितीच्या अहवालांत आहे. इतका जड कर एकट्या किरकोळ दुकानदाराच्या गल्ल्यावर टाकला म्हणजे पावती न देण्याचा, व घरखर्चाची खरेदी धंद्याच्या नांवावर दाखविण्याचा मोह किती होईल, हें सांगावयास नको.

आतां मुख्य मुद्द्याकडे वळूं. सबंध पुस्तकांत 'सोपा' आणि 'न्याय्य' हे दोन शब्द जुळ्या भावांसारखे बरोबर फिरतात. जणूं एक आला कीं दुसरा आलाच. आमचा मतभेद येथेंच आहे. कर सोपा व्हावयाचा तर त्यानें देणाऱ्याची विचारपूस करतां कामा नये. कर न्याय्य व्हावयाचा तर देणाऱ्याची ऐपत काय, त्याच्यावर किती माणसें अवलंबून आहेत, हें त्याला विचारलेंच पाहिजे. वर्षास ५० हजार डॉलर मिळवून ते सर्व पोटासाठीं खर्च करणारा मनुष्य या योजनेंत, मासिक रक्कम तूर्त बाजूला ठेवली तर, आपल्या प्राप्तीचा शेंकडा २३ वांटा देतो. ५० लाख मिळवून ५ लाख खर्च करणारा शेंकडा २.३ देतो. शिल्लक टाकलेला पैसा केव्हां तरी खर्च होईलच व तेव्हां कर भरील, असें यावर उत्तर दिलें जातें. पण जो पैसा पिढ्यान् पिढ्या वाढतच जातो, आणि ज्याच्यावरील वारसाकरहि याच योजनेनें काढून टाकला, तो 'केव्हां तरी' कधीं उजाडावयाचा? उलट ज्या वृद्धानें जन्मभर प्राप्तिकर भरून चार पैसे मागें टाकले, त्याला तेच पैसे खर्चतांना पुन्हां कर द्यावा लागेल.

मासिक रकमेमुळें अगदीं गरिबांचा भार हलका होतो, हें खरें. परंतु ती रक्कम म्हणजेच लेखकांनीं नकळत दिलेली कबुली आहे. ती वांटावयाची तर कोणत्या घरांत किती माणसें राहतात, एकच मनुष्य दोन ठिकाणीं नांव तर लावीत नाहीं ना, हें सरकारास पाहावें लागणार. म्हणजे पुढच्या दारानें हांकलून दिलेला कारकून मागच्या दारानें पुन्हां घरांत आला. न्यायाची थोडीशी चाड राखावयाची म्हटली कीं सोपेपणा तितका सोडावा लागतो, याचा हा पुरावा.

सोपा कर आणि न्याय्य कर यांतील अंतर आम्हां भारतीयांस तरी पुस्तकांतून शिकण्याची गरज नाहीं. इंग्रजी अमदानींतील मिठावरचा कर आठवावा. त्याहून सोपा कर कोणता? कोणाच्या घरीं अंमलदार येत नव्हता, कोणास हिशेब द्यावा लागत नव्हता; कर किंमतींत मिसळून सर्वांकडून सारखा वसूल होत होता. तरी, किंबहुना त्यामुळेंच, त्यासारखा अन्यायी कर दुसरा नव्हता. कारण मीठ राजालाहि तितकेंच लागतें आणि रंकालाहि. मार्च १९०२ मध्यें नामदार गोपाळ कृष्ण गोखले यांनीं वरिष्ठ कायदेमंडळांत अंदाजपत्रकावर पहिलें भाषण केलें. त्या वेळीं मिठावर मणीं अडीच रुपये कर होता, आणि प्राप्तिकर वर्षास ५०० रुपयांच्या प्राप्तीपासून लागत होता. मिठावरील कर कमी करा आणि प्राप्तिकराची मर्यादा १,००० रुपयांवर न्या, अशी त्यांची मागणी होती. पुढच्याच वर्षीं, १९०३ सालीं, दोन्ही गोष्टी घडल्या. मिठाचा कर दोन रुपयांवर आला, व १९०७ पर्यंत तो एक रुपयावर उतरला. गोखल्यांच्या या मागणींतील विवेक लक्षांत घेण्यासारखा आहे. प्राप्तिकर जाचक आहे म्हणून तो मुळांतून उपटा असें ते म्हणाले नाहींत. ज्यांना तो झेपत नाहीं त्यांना सोडा एवढेंच म्हणाले. पुढें १९३० सालीं दांडी, वडाळा, शिरोडें येथें जो लढा झाला तो याच सर्वांत सोप्या कराविरुद्ध होता.

खपावरील कर एकाच दराचा राहील, ही आशाहि अनुभवास उतरत नाहीं. आपल्याकडे १ जुलै २०१७ पासून वस्तु व सेवा कर सुरू झाला, तो ५, १२, १८ व २८ अशा चार मुख्य दरांनीं. सप्टेंबर २०२५ मध्यें त्यांतील दोन दर कमी होऊन ५ व १८ हे मुख्य राहिले, आणि निवडक वस्तूंसाठीं ४० चा नवा दर आला. हे दर अनेक कां झाले? जो कर माणसाकडे पाहत नाहीं त्याला न्यायासाठीं वस्तूकडे पाहावें लागतें. गरिबाचें अन्न कोणतें आणि श्रीमंताची चैन कोणती याची छाननी करावी लागते. २०२० सालीं कर्नाटकांत, तयार विकला जाणारा परोटा हा पोळींत मोडतो कीं नाहीं, असा प्रश्न कर-निर्णय अधिकाऱ्यांपुढें आला, आणि मोडत नाहीं असें ठरून पोळीला ५ व परोट्याला १८ असा निवाडा झाला. २०२५ सालीं दोघांनाहि माफी मिळाली तेव्हां कोठें हा भेद मिटला.

मग प्राप्तिकराच्या जंगलाचें करावयाचें काय? त्याचें उत्तर अमेरिकेच्याच इतिहासांत आहे. १९८६ सालीं अध्यक्ष रेगन यांच्या कारकीर्दींत दोन्ही पक्षांनीं मिळून पुष्कळशा सवलती छाटल्या, आणि त्या बळावर वरचा दर शेंकडा ५० वरून २८ वर आणला. प्राप्तिकर जिवंत ठेवूनहि तो साफ करतां येतो हें तेव्हां दिसलें. पुढें सवलती पुन्हां उगवल्या, दरहि वाढले. पण तो दोष प्राप्तिकराचा नव्हे, सवलती मागणाऱ्यांचा व देणाऱ्यांचा. हीच मंडळी विक्रीकराच्या दारांतहि उभी राहतील, आणि कोणी औषधाला, कोणी घरभाड्याला, कोणी आपल्या गांवच्या मालाला सूट मागेल. जमीन बदलली म्हणून तण उगवावयाचें राहत नाहीं. खुरपणी दरसालचीच असते.

तात्पर्य, हें पुस्तक वाचूं नये असें आम्ही म्हणत नाहीं. करांविषयीं उदासीन असलेल्या वाचकास तें खडबडून जागें करील, आणि एवढें काम करणारीं पुस्तकें थोडींच असतात. मात्र तें वाचतांना हाताशीं कागद-पेन्सिल असावी, आणि 'सोपा' हा शब्द आला कीं 'कोणाला सोपा?' असा प्रश्न वाचकानें स्वतःस विचारावा.