नाण्यावरचा चेहरा किती खरा?

मागच्या महिन्यात धुळ्याच्या मित्राने चांदीच्या एका नाण्याचा फोटो पाठवला. आजोबांच्या डब्यातलं. खाली एवढंच लिहिलेलं, "हाई रोमन शे ना भाऊ?" उजवीकडे बघणारं डोकं, भोवती ग्रीक अक्षरं. क्षणभर मलाही तसंच वाटलं. पण रोमच्या दिनारियसवर लॅटिन असते, ग्रीक नाही. मग मागची बाजू आणि वजन मागवलं. मागे बाण आणि वज्र, भोवती ब्राह्मी आणि खरोष्ठी. वजन दोन ग्रॅमच्या आसपास. ऑगस्टस किंवा टायबेरियसचा दिनारियस पावणेचारच्या जवळ भरतो. म्हणजे हे क्षहरात राजा नहपानाचं नाणं.

त्या निमित्ताने रेव्हरंड एच. आर. स्कॉट यांचा 1908 चा निबंध परत काढला. 1906 मध्ये नाशिकजवळ जोगलटेंभीला नहपानाची 13,250 हून जास्त नाणी एकत्र सापडली, त्यावरचा हा निबंध. त्याचं मोठेपण आधी मान्य करू. यातल्या नऊ हजारांहून जास्त नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णीने स्वतःचे छाप पुन्हा मारले आहेत, एका बाजूला चैत्य, दुसऱ्या बाजूला उज्जैन चिन्ह. नाशिकच्या लेण्यातला शिलालेख सांगतो की त्याने क्षहरात वंश उखडून टाकला. त्या दाव्याला इथे चांदीची साक्ष मिळाली.

माझं भांडण आहे ते चेहऱ्यांवरून. चेहरे वयाने आणि ठेवणीने इतके वेगळे दिसतात की ते घराण्यातल्या वेगवेगळ्या पुरुषांचे असावेत आणि नहपान हे नाव सगळ्यांनीच वापरलं असावं, असं स्कॉट सुचवतात. निरीक्षण बरोबर, पण निष्कर्ष घाईचा वाटतो.

नाण्याचा साचा हाताने कोरला जायचा. तो झिजला किंवा फुटला की नवा, बहुतेक वेळा नवा हात. टायबेरियसच्या बसलेल्या स्त्रीच्या दिनारियसवरही चेहरे सारखे नसतात. म्हणून कोणी चार टायबेरियस मानत नाही. तिथे उपप्रकार ठरवताना खुर्चीचे पाय साधे की नक्षीचे, खाली रेघ एक की दोन, असं बघतात. म्हणजे मोजता येईल अशा खुणा.

नहपानाच्या नाण्यांनाही हीच कसोटी लावायला हवी. मागची बाजू एकाच साच्याची आणि पुढे दोन 'वेगळे' चेहरे, अशी नाणी मिळाली तर ती एकाच टांकसाळीतून, जवळपास एकाच काळात निघाली असं म्हणता येईल. मग पिढ्यांची कल्पना टिकणं अवघड. उलट प्रत्येक चेहऱ्याबरोबर अक्षरांचं वळणही बदलत असेल, तर स्कॉट यांचं म्हणणं पुन्हा विचारात घ्यावं लागेल. प्रयोगशाळेत आम्ही हेच करतो: आधी सांगायचं की काय दिसलं तर मी चुकलो.

मित्र जरा हिरमुसला. नाणं जळगावच्या सराफाकडून चकाकवून घ्यायचा त्याचा बेत होता. तेवढं नको म्हटलं. पॉलिशने चेहरा उजळतो, पण काठावरची उरलीसुरली अक्षरं जातात, आणि नाव सांगतात ती अक्षरंच.