प्राथमिक स्तरावरील इतिहास-अध्यापन आणि उमाजी नाईक : मॅकिन्टॉश यांच्या ग्रंथाची चिकित्सा

प्रस्तावना : १४९२ मध्ये कोलंबसाने अमेरिकेचा 'शोध' लावला, या विधानात तेथील मूळ रहिवासी अदृश्य होतात. पुणे जिल्ह्यातील प्राथमिक वर्गात पुरंदरच्या उमाजी नाईकांसंदर्भात असाच प्रश्न उद्भवतो.

विवेचन : ३ फेब्रुवारी १८३२ रोजी उमाजींना पुण्यात फाशी देण्यात आली. १८३३ मध्ये कॅप्टन अलेक्झांडर मॅकिन्टॉश यांचा रामोशी समाजावरील इंग्रजी ग्रंथ प्रसिद्ध झाला. त्यात उमाजींचे चरित्र आहे. मात्र ते बंड मोडणाऱ्या सत्तेच्या अधिकाऱ्याने लिहिलेले आहे. म्हणून हा ग्रंथ वगळता येत नाही आणि जसाच्या तसा स्वीकारताही येत नाही. पुरंदरच्या राखणीचे परंपरागत हक्क गमावणे, हे रामोशांच्या असंतोषाचे एक मूळ होते. त्या हक्कांना धक्का उत्तर पेशवाईतच बसला होता. साहजिकच 'एतद्देशीय विरुद्ध इंग्रज' ही मांडणीही अपुरी ठरते.

निष्कर्ष : लासुर्णे परिसरातील वर्गात रामोशी समाजाचे मूल बसलेले असू शकते. त्याच्यापुढे 'दरोडेखोर' हा शासकीय शब्द संदर्भाविना उच्चारणे अन्यायाचे आहे. केवळ 'आद्य क्रांतिकारक' हे बिरुद पाठ करून घेणे, हेही अध्यापन नव्हे. 'हे कोणी व कोणासाठी लिहिले?' हा प्रश्न चौथीच्या विद्यार्थ्यालाही विचारता येतो.