‘बेसिक ऑथेंटिकेशन’ची संहिता आणि स्क्रिप्टचा विसर : एक समीक्षा

परवलीच्या शब्दाने संरक्षित केलेले वेबपृष्ठ मिळविण्याची सर्वांत साधी पद्धत म्हणजे ‘बेसिक ऑथेंटिकेशन’. तिची अधिकृत संहिता ‘आरएफसी ७६१७’ ही ज्युलियन रेश्के यांनी सिद्ध केली असून ती सप्टेंबर २०१५ मध्ये प्रसिद्ध झाली. तत्पूर्वी जून १९९९ च्या ‘आरएफसी २६१७’ मध्ये ‘बेसिक’ व ‘डायजेस्ट’ या दोन्ही पद्धती एकत्र नांदत होत्या. त्यांची फारकत करून प्रत्येकीला स्वतंत्र दस्तऐवज देण्यात आला, हे योग्यच झाले.

संहितेतील उदाहरण १९९६ च्या ‘एचटीटीपी १.०’ पासून चालत आलेले आहे. त्यातील वापरकर्ता अल्लाउद्दीन, तर परवलीचा शब्द मात्र अलिबाबाच्या गुहेचा, म्हणजे आपला ‘तिळा उघड’. कथांची ही सरमिसळ पुढच्या दस्तऐवजांतही तशीच राहिली. नाव, विसर्गचिन्ह आणि परवलीचा शब्द मिळून होणारे १९ बाइट ‘बेस ६४’ च्या रूपांतराने २८ अक्षरांचे होतात. हे कूटलेखन नव्हे, केवळ वेषांतर होय. कोणीही ते क्षणार्धात उलटवू शकतो. ही पद्धत टीएलएससारख्या बाह्य संरक्षणाविना सुरक्षित नाही, हे संहिता आरंभीच सांगते. तांत्रिक दस्तऐवजांत असा प्रामाणिकपणा विरळाच.

तथापि संहितेच्या मनातील वाचक हा ब्राउझरसमोर बसलेला माणूस आहे. सर्व्हर ४०१ हा नकार देतो, खिडकी उघडते, माणूस आठवून शब्द लिहितो. रात्री दोन वाजता आपोआप चालणाऱ्या स्क्रिप्टला आठवण नसते. तिचा परवलीचा शब्द कोठेतरी लिहून ठेवावाच लागतो. सर्व्हरने तो कसा साठवावा याची चर्चा संहितेत आहे. मागणाऱ्या बाजूने तो कसा ठेवावा याविषयी मात्र मौन आहे. परिणामी तो आज्ञेच्या ओळीत लिहिला जातो आणि त्याच यंत्रावरील इतरांना चालू प्रक्रियांच्या यादीत दिसू शकतो. वाचनाधिकार मर्यादित केलेली ‘नेटआरसी’ फाइल हा त्यातल्या त्यात बरा मार्ग होय.

नकाराची वाट पाहावी की नाही, याबाबतही साधनांत एकवाक्यता नाही. ‘डब्ल्यूगेट’ आवृत्ती १.१०.२ पर्यंत पहिल्याच विनंतीबरोबर ओळख पाठवीत असे. पुढे ते नकारानंतरच पाठवू लागले. ‘कर्ल’ मात्र नाव व शब्द दिल्यास प्रथमच पाठविते. एकदा प्रवेश मिळालेल्या मार्गाखालील पृष्ठांसाठी ओळख आधीच पाठविण्याची मुभा संहिता देते व संरक्षित क्षेत्राची सीमाही आखते. पण शीर्ष-ओळ स्वहस्ते रचणाऱ्या स्क्रिप्टला ती सीमा कोण सांगणार? ‘कर्ल’ची जानेवारी २०१८ मधील ७.५८.० ही आवृत्ती येईपर्यंत अशी हाताने दिलेली ओळ पुनर्निर्देशनानंतर दुसऱ्या यजमानाकडेही जात असे.

संहितेचे खरे नवे योगदान वर्णसंचाविषयी आहे. जुन्या दस्तऐवजाने तो प्रश्न मोकळाच सोडला होता. आता सर्व्हर ‘यूटीएफ-८’ची अपेक्षा कळवू शकतो आणि त्यासोबत ‘एनएफसी’ हे प्रमाणरूपही अपेक्षित असते. मराठीला याचे महत्त्व विशेष आहे. ‘तऱ्हा’मधील ‘ऱ’ एका संकेतांकाने लिहिला तर ३ बाइट घेतो. तोच ‘र’ आणि नुक्ता असा जोडून लिहिला तर ६. डोळ्यांना दोन्ही सारखेच दिसतात, सर्व्हरला मात्र नाही. ‘पायथन’मधील नेहमीचे यूटीएफ-८ रूपांतर हे प्रमाणीकरण करीत नाही, ‘कर्ल’लाही मिळालेले बाइट जसेच्या तसे पुढे जातात. ब्राउझरकडून ठेवलेली अपेक्षा स्क्रिप्टलेखकाच्या माथी येते, आणि संहितेत ती सूचना त्याच्यासाठी आहे असे कोठेही जाणवत नाही. परवलीचा शब्द अचूक असूनही ४०१ पुन्हा पुन्हा मिळत राहिला, तर त्याने प्रथम हा ‘ऱ’ तपासावा.